जॅक रसेल टेरियर पाळायचाय? पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

पांढरंशुभ्र अंग, त्यावर तपकिरी नाहीतर काळे डाग, फूटभर उंची, पाच-सहा किलो वजन आणि सतत काहीतरी घडायची वाट बघणारे डोळे. फ्लॅटमध्ये मावेल असा कुत्रा शोधणाऱ्या घरांत जॅक रसेल टेरियरचं नाव हमखास निघतं. पण निव्वळ आकार बघून निर्णय घेऊ नका. त्याला जागा थोडी पुरते, काम मात्र भरपूर लागतं. ते मिळालं तर इतका हुशार, जीव लावणारा आणि घर जागतं ठेवणारा सोबती मिळणं कठीण. नाही मिळालं तर तो स्वतःच काम शोधतो, आणि मग सोफ्याची उशी, बाल्कनीतल्या कुंड्या, शेजाऱ्यांचं मांजर यांची पाळी येते.

आधी त्याचा मूळ धंदा समजून घ्या

या जातीला नाव मिळालं ते इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल यांच्यावरून. जन्म १७९५, मृत्यू १८८३. कोल्ह्याच्या शिकारीचं त्यांना विलक्षण वेड होतं. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी टेरियर कुत्री घेतली आणि तिच्यापासून पुढची पैदास सुरू झाली. त्या शिकारीत मोठे हाउंड कुत्रे कोल्ह्याचा पाठलाग करत. कोल्हा बिळात शिरला की हाउंडांचा उपयोग संपायचा आणि टेरियरची वेळ यायची. त्याने बिळात घुसायचं, अंधारात कोल्ह्याला तोंड देत भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर हुसकावायचं. कोल्ह्याला मारणं हे त्याचं काम नव्हतं. भुंकण्याच्या आवाजावरून वर उभ्या असलेल्या माणसांना कुत्रा नेमका कुठे आहे ते कळायचं. पांढऱ्या रंगाची निवडही कामापुरतीच होती: गडबडीत कोणी टेरियरलाच कोल्हा समजू नये.

बिळात शिरायचं तर छाती अरुंद हवी. म्हणून आजही कुत्र्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक दोन्ही हातांचे पंजे कुत्र्याच्या पुढच्या पायांमागे छातीभोवती धरतात आणि बोटं एकमेकांना टेकतात का ते पाहतात. छातीचा घेर साधारण ४० ते ४३ सेंटिमीटर अपेक्षित असतो. चांगल्या कुत्र्याची छाती नुसती अरुंद नसते, हातात ती किंचित दाबलीही जाते. चिंचोळ्या बिळातून वाट काढायला ती लवचीक लागते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की घरोघरी या कुत्र्याबद्दल ज्या तक्रारी असतात त्या सगळ्या इथे येऊन मिळतात. तो भुंकतो, कारण भुंकणारेच टेरियर पुढच्या पैदाशीसाठी निवडले गेले. उकरतो, कारण बीळ बुजलं तर उकरूनच पुढे जायचं असे. हाक मारली तरी येत नाही, कारण जमिनीखाली त्याला हुकूम द्यायला कोणी नसायचं आणि निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागायचा. आपल्या दुप्पट आकाराच्या कुत्र्यासमोरही छाती काढून उभा राहतो, कारण माघार घेणारा कुत्रा या कामाचाच नव्हता. जवळजवळ दोनशे वर्षं ज्याला गुण म्हटलं त्याला आपण दिवाणखान्यात खोड म्हणतो. ती मारझोड करून जात नाही. तिला वाट काढून द्यावी लागते, आणि खालच्या पायऱ्यांमध्ये बराचसा भाग त्याच खटपटीचा आहे.

(ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर बसलेला एचएमव्हीचा निपर तुम्हाला आठवत असेल. १८८४ साली ब्रिस्टलमध्ये जन्मलेला तो कुत्रा याच टेरियर वळणाचा होता. डोकं तिरकं करून आवाजाचा माग घेण्याची ती लकब जॅक रसेलमध्ये रोज बघायला मिळते.)

पायरी १: घर या कुत्र्याचं आहे का?

कुटुंबातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कागदावर लिहा: सकाळी कोण फिरवणार, संध्याकाळी कोण, पावसात कोण, परीक्षेच्या दिवसांत कोण. मोठ्या झालेल्या जॅक रसेलला दिवसाला किमान तासभर खरी चाल किंवा धाव लागते आणि शिवाय डोक्याला खुराक. सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन शू करून परत येणं म्हणजे फिरवणं नव्हे.

घर सकाळी नऊ ते रात्री आठ बंद राहणार असेल तर ही जात घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो. घरात पोपट, लव्हबर्ड, ससा किंवा हॅमस्टर असेल तरीही नको. पिंजऱ्यातला प्राणी त्याच्या नजरेसमोर रोज फडफडत राहिला तर दोघांचेही हाल होतात. मांजर आधीपासून असेल आणि पिल्लू लहानपणापासून तिच्यासोबत वाढलं तर जमू शकतं, पण सुरुवातीचे काही महिने दोघांना एकटं सोडायचं नाही. पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर सतत मोठ्या माणसाची नजर हवी. शेपूट ओढणं, अंगावर पडणं, खाताना हात घालणं ही जात मुकाट्याने सोसत नाही.

पायरी २: पिल्लू निवडताना

कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. तो विचारताच समोरचा चिडला तर तिथून निघा. फोटो बघून, पैसे पाठवून, बसने पार्सल मागवणं तर मुळीच नको. पिल्लाची आई बघायलाच हवी. ती अनोळखी माणसाकडे कुतूहलाने येते की दात दाखवते, यावरून पिल्लाचा स्वभाव बराचसा कळतो.

या जातीत दोन गोष्टी खास विचारायच्या. एक, डोळ्याचं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार. त्यासाठी जनुकीय चाचणी असते. आई-बापाची केली आहे का ते विचारा. दुसरी, पांढऱ्या रंगाशी जोडलेला बहिरेपणा. पिल्लं झोपलेली असताना मागून, हवेचा झोत जाणार नाही इतक्या अंतरावरून, किल्ल्या वाजवा. सगळी उठली आणि एक झोपूनच राहिलं तर त्याची नीट तपासणी करून घ्या. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू मात्र या युक्तीने ओळखू येत नाही.

सगळ्यांच्या अंगावर चढून पुढे येणारं पिल्लू मोहक वाटतं आणि कोपऱ्यात लपलेल्याची दया येते. पहिलाच कुत्रा असेल तर दोन्ही टाळा. जवळ येऊन हुंगणारं, थोडं खेळून पुन्हा भावंडांत रमणारं मधलं पिल्लू घ्या. शेपूट कापलेलं नको, न कापलेलं द्या असं आगाऊ सांगून ठेवा.

केसांचे तीन प्रकार असतात: गुळगुळीत, खरखरीत आणि दोन्हींच्या मधला. गुळगुळीत केसांचा कुत्रा कमी गळतो हा गैरसमज आहे. ते आखूड पांढरे केस काळ्या पँटवर आणि सतरंजीत वर्षभर सापडतात. खरखरीत केस मशीनने कापण्यापेक्षा हाताने उपटून काढतात, म्हणजे मेलेले केस निघतात आणि पोत टिकतो. हे काम जाणकाराकडून एकदा शिकून घ्या.

वर्ष-दीड वर्षाचा, आधीच्या घराला न झेपलेला जॅक रसेल दत्तक मिळत असेल तर नक्की बघून या. त्याचा स्वभाव तोवर समोर आलेला असतो, पिल्लाचा अजून घडायचा असतो.

पायरी ३: पिल्लू यायच्या आधी

बाल्कनीच्या ग्रिलमधून ज्या फटीत तुमची मूठ जाते त्या फटीत पिल्लाचं डोकं जाऊ शकतं. खालच्या दोन फुटांना जाळी मारून घ्या. जिना, उघडी गच्ची आणि बाल्कनीत ठेवलेलं स्टूल यांचाही विचार करा. मोठा झाल्यावर तो कमरेएवढ्या उंचीवर सहज उडी मारतो. मोबाइलच्या चार्जरच्या वायरी वर उचला, उंदराच्या औषधाच्या गोळ्या घरातून आणि पार्किंगमधूनही हटवा. झोपण्यासाठी पिंजरावजा खोका घ्या, आत जुनी चादर घाला, दार उघडं ठेवा. अंधाऱ्या, बंदिस्त जागेत घुसून झोपणं या जातीला मनापासून आवडतं. पुष्कळ जॅक रसेल रात्री तुमच्या पांघरुणाच्या तळाशी जाऊन झोपतात.

पायरी ४: पहिले दोन-तीन महिने

लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांच्या लसीसोबत लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची, थोडक्यात लेप्टोची) लस मागून घ्या. उंदरांमागे लागणाऱ्या कुत्र्याला ती हवीच. जंताचं औषध पिल्लाला वारंवार लागतं, वेळापत्रक डॉक्टर लिहून देतील.

लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, हे बरोबर. पण याच काळात, साधारण साडेतीन महिन्यांच्या आत, जग कसं असतं ते पिल्लाच्या मनात पक्कं होतं. म्हणून त्याला कडेवर घेऊन बाहेर पडा. रिक्षाचा हॉर्न, दूधवाला, छत्री उघडलेला माणूस, शाळा सुटल्याचा गोंगाट, लांबून ऐकू येणारा ढोल. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर खाऊचा एक कण. घाबरलं तर तिथून लांब न्या, जबरदस्ती करू नका. दिवाळीच्या फटाक्यांची तयारीही इथूनच होते.

शी-शूची सवय लावायला तीन वेळा लक्षात ठेवा: उठल्या-उठल्या, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर. प्रत्येक वेळी त्याच जागी न्या आणि काम झालं की तिथेच कौतुक करा. चुकून आत केली तर गपचूप पुसा. नाक घासणं, फटके देणं यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग पलंगाखाली करतं.

दात येताना ते हाताला चावणारच. चावलं की खेळ थांबवा, उभे राहा, पाठ फिरवा. पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा खेळा. ओरडलात तर टेरियरला तो खेळच वाटतो आणि त्याला आणखी चेव येतो.

घरात शब्द एकच ठरवा. आजी ‘इकडे ये’, मुलगा ‘कम’ आणि बाबा नुसती शिट्टी वाजवत असतील तर कुत्र्याने ऐकायचं कोणाचं? ‘ये’, ‘सोड’, ‘बस’, ‘जागेवर’ एवढे चार शब्द पहिल्या वर्षासाठी पुरेत. ‘सोड’ शिकवताना हिसकावू नका. त्याच्या तोंडात मोजा असेल तर नाकाजवळ चिकनचा तुकडा धरा, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि शक्य असेल तेव्हा वस्तू परत करा. दिलेलं परत मिळतं हे कळलं की तो वस्तूवर गुरगुरत बसत नाही. ही सवय या जातीत वेळेवर लावली नाही तर पुढे फार त्रास होतो.

पायरी ५: काम द्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा.

उकरण्यासाठी बाल्कनीत एक जुना टब ठेवा, अर्धा वाळू-मातीने भरा, त्यात खेळणं आणि खाऊचे तुकडे पुरा. सुरुवातीला त्याच्या देखत वरवर पुरा, मग हळूहळू खोल. टबात उकरलं तर शाबासकी आणि कुंडीत उकरलं तर उचलून टबात. थोड्याच दिवसांत तो स्वतःहून टबाकडे वळतो. माती नको असेल तर कार्डबोर्डच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि त्याचं रात्रीचं जेवण त्यात विखरा. नाक खाली, मागचे पाय ताठ, शेपूट थरथरतेय, मध्येच शिंक, पुन्हा डोकं आत: पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन तो लांब जीभ काढून पसरतो. नाकाने केलेल्या कामाचा थकवा चेंडूमागे धावण्यापेक्षा शांत असतो, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच दिसेल. नुसता चेंडू फेकत राहिलात तर तो दमत नाही, उलट आणखी पेटतो.

माग काढायला शिकवा. जुना टॉवेल गुंडाळून घड्यांमध्ये दाणे लपवा. ते जमलं की घरातलं माणूस दाराआड लपवा आणि ‘शोध’ म्हणा. पाठलागाची हौस भागवायला काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापड बांधून जमिनीलगत फिरवा. मध्येमध्ये ‘सोड’ म्हणून थांबवा, बसला की पुन्हा सुरू करा. ऐन जोशात असताना थांबायला शिकलेला टेरियर रस्त्यावरही तुमचं ऐकतो. मात्र पिल्लाची हाडं पक्की व्हायच्या आत, म्हणजे साधारण वर्षभर, उंच उड्या आणि जिन्यावरची पळापळ टाळा.

भुंकणं पूर्ण थांबवायच्या फंदात पडू नका. बेल वाजली की दोनदा भुंकू दे, मग ‘जागेवर’ म्हणून चटईवर पाठवा आणि तिथे बसला की खाऊ द्या. आधी बेल न वाजता याचा सराव करा, मग घरातल्या कोणालातरी मुद्दाम बेल वाजवायला लावा. एकटं राहण्याची सवयही अशीच मिनिटा-मिनिटाने लावायची: दोन मिनिटं बाहेर, परत आत, पाच मिनिटं बाहेर, परत आत. निघताना आणि परतताना लाडाचा सोहळा नको.

पायरी ६: रस्त्यावर

गळपट्ट्यापेक्षा छातीवरचा हार्नेस बरा, कारण खार दिसली की तो पूर्ण जोराने झेपावतो. मोकळ्या मैदानात दहा मीटरची लांब दोरी लावून ‘ये’चा सराव करा आणि आला की दर वेळी काहीतरी उत्तम द्या. कितीही शहाणा झाला तरी वाहतुकीच्या जवळ त्याला मोकळा सोडू नका. मांजर आडवं गेलं की त्याच्या कानांवर काहीच पडत नाही.

रस्त्यावरचे कुत्रे हा आपल्याकडचा खरा प्रश्न. भटकी टोळी नुसती बघत उभी असते आणि आपला पाच किलोचा वीर दोरी ताणून आव्हान देतो. तो भुंकायला लागायच्या आत, कान ताठ होऊन शरीर गोठतं त्याच क्षणी दिशा बदला. पळू नका. मूठभर खाऊ टोळीच्या दिशेने टाका आणि तिरके चालत निघून जा. रोजच्या वाटेवरच्या कुत्र्यांशी तुमची स्वतःची ओळख झालेली असली तर निम्मा प्रश्न सुटतो.

खाणं आणि निगा

सहा किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ४५० कॅलरी लागतात. ग्लुकोज बिस्किट एक सुमारे २५ कॅलरीचं. म्हणजे आजोबांनी चहाबरोबर प्रेमाने चार बिस्किटं दिली की दिवसाचा पाव हिस्सा तिथेच संपला. शिकवताना दिलेला खाऊही जेवणातूनच वजा करा. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोन वेळा. नुसत्या दूध-पोळीवर टेरियर नीट वाढत नाही, प्रथिनं हवीतच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण आणि शिजवलेली हाडं नकोत. सणासुदीला शिऱ्यातले बेदाणे हमखास खाली पडतात, तेव्हा जपा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरते, ब्रश आठवड्यातून दोनदा. छोट्या जातींत दातांवर कीटण लवकर चढतं, म्हणून कुत्र्यांच्याच टूथपेस्टने दात घासायची सवय पिल्लूपणीच लावा. माणसांची टूथपेस्ट चालत नाही.

ऊन, पाऊस आणि साप

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर पडा. हाताचा मागचा भाग रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आला नाही तर त्याचे पायही भाजतील. ही जात दमली तरी थांबत नाही, म्हणून थांबवणं तुमच्याकडे. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या: अशी चिन्हं दिसली की सावलीत आणा, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखान्याकडे निघा.

पावसाळ्यात रोज रात्री कानांच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत बोटं फिरवून गोचीड शोधा. गोचीडप्रतिबंधक औषध चुकवू नका. कुत्रा मरगळला, जेवेना, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा. उंदीर-घुशी मारू देऊ नका. लेप्टोचा धोका असतो, आणि विष खाल्लेला उंदीर कुत्र्याच्या पोटात गेला तर तेही जिवावर बेततं.

शेतावर, कोकणातल्या घरी किंवा डोंगराकडेच्या सोसायटीत राहत असाल तर साप लक्षात ठेवा. टेरियर सापाला बघून मागे हटत नाही. दंश झाल्याची शंका आली तरी त्याला चालू देऊ नका, उचलून गाडीत घाला. जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं नको. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळतं हे आधीच विचारून ठेवा.

आजार आणि कागदपत्रं

ही तशी दणकट जात. ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या आयुर्मानाचा २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाहिलेल्या जातींमध्ये जॅक रसेलचं आयुर्मान सर्वाधिक, म्हणजे सुमारे १२.७ वर्षं निघालं. चौदा-पंधरा वर्षांचेही भेटतात. चालता-चालता मागचा एक पाय उचलून दोन उड्या मारत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. पाच ते आठ महिन्यांचं पिल्लू सतत लंगडत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढा. डोळ्याच्या बाबतीत मात्र अजिबात वाट बघू नका. भिंग सरकण्याचा त्रास बहुधा तीन ते आठ वर्षांच्या वयात होतो. डोळा लाल, मिटलेला, निळसर धुरकट दिसला आणि कुत्रा डोक्याला हात लावू देईना, तर तासाभरात दवाखाना गाठा. उशीर झाला तर दृष्टी जाते.

महापालिकेचा परवाना काढा, दरवर्षी नूतनीकरण करा. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. सोसायटीत वाद झाला तर भारतीय पशु कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं छापून जवळ ठेवा: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. आपल्या बाजूने मात्र लिफ्टमध्ये आणि जिन्यात दोरी आखूड धरा, शी उचलायला पिशवी रोज खिशात ठेवा आणि कुत्र्याला घाबरणारं कोणी आधीच लिफ्टमध्ये असेल तर पुढच्या फेरीने जा. लसींचं कार्ड, परवाना आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर एकाच फाइलमध्ये, दाराजवळ ठेवा.